खालून कापलेली ओळ

तारीखमास्तरांना कुठलीही तारीख सांगा, त्या दिवशी जगात कुणाचं डोकं उडालं आणि कुणाच्या डोक्यावर मुकुट चढला ते जागच्या जागी सांगत. कुणी हौसेनं आपल्या लग्नाची तारीख सांगितली की मास्तर म्हणायचे, "वा, त्याच दिवशी तीनशे माणसं घेऊन एक जहाज बुडालं होतं." माणूस वाईट नव्हता, पण आपलं ज्ञान कुठं पाजळावं याचा पोच त्यांना शेवटपर्यंत आला नाही.

वर्तमानपत्राच्या चौथ्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, 'आजच्या दिवशी' नावाचं सदर यायचं. आठ ओळींचं. बत्तीस वर्षं ते मास्तरांनी एकट्यानं चालवलं. टेबलाच्या मागं एक लाकडी कपाट, त्यात तीनशे सहासष्ट पाकिटं, प्रत्येक तारखेचं एक, आणि पाकिटांत मास्तरांच्या कोरीव अक्षरातल्या चिठ्ठ्या. एकोणतीस फेब्रुवारीचं पाकीट तेवढं कोरं करकरीत, कारण ते चार वर्षांतून एकदा उघडायचं. बाकीची हाताळून हाताळून मऊ पडली होती. दुसऱ्या कुणी कपाटाला हात लावला की मास्तरांच्या कपाळाला आठ्या पडत. कचेरीत त्यांची कुणी फार पत्रास ठेवत नव्हतं, पण तारखेच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द अखेरचा. बत्तीस वर्षांत सदरात एक चूक नाही. हे मास्तर स्वतःच सांगत, आणि जरा जास्तच वेळा सांगत.

आता दिव्याखालचा अंधार सांगतो.

मास्तरांना आईबाप आठवत नव्हते. बारा वर्षांनी मोठ्या भावानं त्यांना वाढवलं. वाढवलं म्हणजे भावानं पैसे आणले, वाढवलं वहिनीनं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते. त्या एवढ्याशा पोराला ती अदबीनं 'भाऊजी' म्हणायची आणि त्याच भाऊजींचा कान धरून त्यांना नळाखाली उभं करायची. भाऊ कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होता. धाकट्यानं धुरात जाऊ नये, कागदावर काम करावं, हा त्याचा हट्ट. मास्तर पदवीपर्यंत पोचले ते त्या धुराच्या जिवावर.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या तेवीस नोव्हेंबरला सकाळच्या पाळीत बॉयलर फुटला. तेवीस माणसं गेली, त्यांत भाऊही. बॉयलरमधून वाफ गळते आहे हे भावानं महिनाभर आधी दोनदा लिहून दिलं होतं. चौकशी झाली, आणि चौकशीत दोष ज्याच्या हातात बॉयलर होता त्याचा निघाला. मेलेला माणूस काय बोलणार? पुढं मालकानं कारखाना विकला, तिथं दुकानांची इमारत उभी राहिली. तिथल्या भिंतीवर एक नाव नाही, एक तारीख नाही. आज तिथं पडदे आणि चादरी मिळतात.

दोन वर्षांनी मास्तर वर्तमानपत्रात लागले आणि त्यांच्या हाती हे सदर आलं. तेव्हा वहिनी एकदाच बोलली. "भाऊजी, तुम्ही कुठल्या कुठल्या राजांच्या सोयरिकी छापता. एक ओळ यांची पण छापा. नाव नको, नुसतं झालं होतं एवढं छापा."

मास्तर म्हणाले, "त्यात काय, छापू की."

वहिनी वर्षभर कुणाचं वर्तमानपत्र मागत नसे. पण तेवीस नोव्हेंबरला सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून अंक आणायची, चौथं पान उघडायची आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवायची. ती चौथीपर्यंत शिकलेली, सावकाश वाचायची. आठही ओळी वाचून झाल्या की अंक घडी करून फळीवर ठेवायची. मास्तरांना त्यावरून एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मास्तरांनी ओळ दिली नव्हती असं नाही. पहिली काही वर्षं नोकरी नवी म्हणून धीर झाला नाही, हे खरं. पण पुढं तेव्हाच्या संपादकसाहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, घाला, जागा उरली तर. आणि तिथंच सगळं अडलं. कारण सदराची एक रीत होती. ओळी वर्षांच्या क्रमानं लागायच्या, जुनी घटना वर, नवी खाली. त्या कोपऱ्यात संध्याकाळी उशिरा हमखास एखादी जाहिरात घुसवली जायची, आणि मग सदराच्या एकदोन ओळी जायच्या. कुठल्या? खालच्या. राजे-महाराजे वर सुरक्षित असत, आणि भावाचा बॉयलर दरवर्षी तळाला.

मास्तरांनी एकदा पान लावणाऱ्याला विनवून पाहिलं, की बाबा रे, एखाद्या वर्षी मधली ओळ काढ. तो हसला. "मास्तर, कापायचं ते खालूनच. मधून कापायला ते काय कलिंगड आहे?" मास्तरही हसले. त्यांनी त्याला खरं कारण सांगितलं नाही. खरं कारण त्यांनी कचेरीत कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. बॉयलर ज्याच्या हातात फुटला त्याचा मी भाऊ, हे कुठल्या तोंडानं सांगायचं, असं त्यांना वाटे. ज्या भावाच्या धुरावर शिकले, त्या भावाची त्यांना कुठंतरी लाज वाटत होती. ही गोष्ट मास्तरांनी मान्य केली नसती, पण मी सांगतो, ती खरी होती.

अशी अकरा वेळा ओळ दिली आणि अकरा वेळा कापली गेली.

शेवटचं वर्ष आलं. तीस नोव्हेंबरला मास्तर निवृत्त होणार होते. म्हणजे त्यांच्या हातची ही शेवटची तेवीस तारीख. वहिनी सत्तरीच्या घरात, गुडघ्यांनी हैराण, डोळ्यांवर जाड भिंगं. बावीसला दुपारी मास्तरांनी पाकीट उघडलं, सात चिठ्ठ्या काढून क्रमानं लावल्या आणि आठवी हातात घेऊन बसून राहिले. जाहिरात विभागातून निरोप आला होताच, आज खाली तीन बोटं जागा लागेल.

मग ज्या माणसानं बत्तीस वर्षं एका आकड्याची चूक होऊ दिली नव्हती, त्यानं कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं : '१८७८ : शहरातील कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलर फुटून तेवीस कामगारांचा मृत्यू.' आणि ती चिठ्ठी तिसऱ्या जागी सरकवली.

एका आकड्याचा तर फरक. छापताना होतात अशा चुका, लोक काय समजायचं ते समजतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळी पान लावणाऱ्यानं खालच्या दोन ओळी उडवल्या. त्यात एका नटीचा वाढदिवस गेला. बॉयलर राहिला.

सकाळी मास्तर स्वतः अंक घेऊन वहिनीकडे गेले. तिची एकच खोली, खिडकीशी शिलाईचं यंत्र, भिंतीवर भावाचा फोटो. मास्तरांनी चौथं पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर स्टुलावर बसले. वहिनीचं बोट पहिल्या ओळीवरून दुसरीवर गेलं, तिसरीवर आलं आणि थांबलं. 'तेवीस कामगारांचा' हे शब्द तिनं मोठ्यानं वाचले. तिचे डोळे भरून आले. मास्तरांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं. मग तिचं बोट मागं, ओळीच्या सुरुवातीला गेलं.

"भाऊजी, हे अठराशे काय?"

"छापताना झालं असेल. लोकांना कळतं, वहिनी."

"मला कळतं," ती म्हणाली. "लोकांना कसं कळेल?"

वहिनीनं यंत्राच्या खणातून कात्री काढली, तेवढी ओळ कापली, आणि बॉलपेननं त्या आठावर गिरवून गिरवून त्याचा नऊ केला. कागद ओला झाल्यासारखा फुगला. मग तिनं फोटोच्या चौकटीच्या कडेला ते चिटोरं खोचलं आणि चहा ठेवायला उठली. शंभर वर्षांची चूक तिनं अशी पदरात घेतली.

एवढ्यावर भागलं असतं. पण गावात एक निवृत्त ग्रंथपाल होते, त्यांना सकाळी वर्तमानपत्रात चूक सापडली नाही तर दिवस गोड जात नसे. त्यांनी त्याच दुपारी साहेबांना, म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाहेरगावाहून आलेल्या नव्या संपादकांना, फोन केला. या शहरात कारखान्याची पहिली चिमणी उभी राहिली ती एकोणीसशे तीन साली, मग अठराशे अठ्ठ्याहत्तरात बॉयलर काय आभाळात फुटला? साहेबांनी मास्तरांना बोलावलं.

आता खरं सांगायची वेळ होती. आकडा चुकला, एकोणीसशे हवं होतं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, असं वाटेल. पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. नुसता आकडा चुकला असता तर ओळ तळाला असती. ती तिसऱ्या जागी होती. म्हणजे हात चुकला नव्हता, हातानं जाणूनबुजून केलं होतं, हे कुणालाही एका नजरेत दिसलं असतं. मग का केलं, कुणासाठी केलं, ते सगळं बाहेर आलं असतं. आठवड्यावर निरोप समारंभ. भाषणात साहेब काय म्हणणार ते अख्ख्या कचेरीला पाठ होतं : बत्तीस वर्षं, एक चूक नाही.

मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच कुठल्या शहरातली नोंद होती, साहेब. माझ्याकडून इथली समजली गेली."

साहेबांनी फार ताणलं नाही. वयाला मान दिला. दुरुस्ती तेवढी लिहून द्या म्हणाले. मास्तरांनी आपल्या कोरीव अक्षरात लिहून दिली : 'या सदरात परवा कापड कारखान्यातील बॉयलर अपघाताचा उल्लेख आला होता. अशी घटना या शहरात घडल्याची नोंद नाही. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' पंचवीस तारखेला ती सदराच्या वर, चौकटीत, ठळक अक्षरांत आली. दुरुस्ती कधी कापली जात नाही. जाहिरात कितीही मोठी असली तरी नाही.

वहिनीला ती शेजारणीनं दाखवली. बिचारीनं चांगल्या मनानं दाखवली, की बघा, तुमच्याकडे चिटोरं आहे त्याचंच काहीतरी आलंय.

सव्वीसला अकराच्या सुमारास शिपाई वर आला. मागं एक म्हातारी बाई, एका हातानं कठडा धरून, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी. जिना चढून धाप लागलेली. शिपायानं साहेबांना सांगितलं, या बाई खाली काउंटरवर ऐकेनात, म्हणतात घडलं होतं. साहेब नेमके मास्तरांच्या टेबलाशी उभे होते. मास्तर सत्तावीसच्या पाकिटातल्या चिठ्ठ्या लावत होते.

वहिनीनं पिशवीतून मृत्यूचा दाखला काढला. चार घड्या पडलेला, घड्यांवर पारदर्शक पट्टी लावलेली. तो तिनं टेबलावर पसरला आणि त्यावरच्या वर्षावर बोट ठेवलं. साहेबांनी वाकून ते वर्ष तेवढं वाचलं. साहेब माणूस म्हणून बरे होते. त्यांनी खुर्ची पुढं केली, पाणी मागवलं.

"हे एकोणीसशेचं आहे, बाई," ते म्हणाले. "आम्ही अठराशेचं चुकीचं छापलं होतं, त्याची दुरुस्ती केली. तुमच्या घटनेचा त्याच्याशी संबंध नाही." मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "आमच्या इथलं कुणी ओळखीचं आहे का तुमच्या? म्हणजे कुणी नीट समजावून सांगेल."

मास्तरांनी मान वर केली नाही. त्यांच्या हातात एक चिठ्ठी होती, कुठल्याशा राजपुत्राच्या जन्माची. ती ते वाचत राहिले. वाचायला त्यात सात शब्द होते.

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. भिंगांमुळे तिचे डोळे होते त्याहून मोठे दिसत. मास्तरांची खाली गेलेली मान, कानाच्या लाल झालेल्या पाळ्या, सगळं तिनं पाहिलं.

"नाही," ती साहेबांना म्हणाली. "इथं माझ्या ओळखीचं कुणी नाही."

तिनं दाखल्याची घडी घातली. पाणी तसंच राहिलं. साहेबांना वाईट वाटलं, ते म्हणाले, "मास्तर, बाईंना जिन्यापर्यंत सोडून या जरा."

मास्तर उठले. दोघं जिन्याच्या तोंडाशी आली. तिथं कुणी नव्हतं. मास्तर हलक्या आवाजात "वहिनी" एवढंच म्हणाले. वहिनीनं पिशवीचं तोंड गुंडाळलं आणि कठडा धरला.

"तुमचं आता काही अडणार नाही ना?" तिनं विचारलं. "नीट निरोप देतील ना सगळे?"

"देतील."

"मग झालं," ती म्हणाली. "दाखला मी परत नेते. यांचं झालं होतं म्हणून सांगायला तेवढाच कागद उरलाय."

एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत ती खाली उतरली. मास्तर वर उभे होते. आतून साहेबांनी हाक मारली, उद्याच्या आठ ओळी अजून द्यायच्या होत्या. मास्तर आत गेले.