डोंगरावरचा ठिपका

डिंकवाले काका हे नाव त्यांना कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. रद्दीत दाबून सुकवलेलं रोप जाड पांढऱ्या कागदावर चिकटवायचं, देठाला दोन टाके घालायचे, खालच्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर रोप कुठे सापडलं, कधी, कोणी तोडलं एवढं असे. चिकटवणाऱ्याचं नाव कोण कशाला लिहितंय!

काकांना मात्र कामाचा भारी तोरा. "रोपाला पाय नसतात, पण जगभर फिरतं बघ," ते बायकोला सांगायचे. "कुणी मेंढीच्या लोकरीला चिकटून, कुणी समुद्रात तरंगत, कुणी पाखराच्या पोटातून."

"आणि तुम्ही एकतीस वर्षं त्याच खुर्चीत," काकू म्हणायच्या. मग काका चहा मागायचे.

वरच्या मजल्यावर भिंतभर नकाशा होता. खाली चिकटवलेला एक कागद म्हणजे वर एक ठिपका. ठिपके पाहून मोठे साहेब सांगत, हे झाड इथून निघालं, तिथे पोचलं. त्यातला एक ठिपका फार गाजला. खाऱ्या वाळूत वाढणारं एक बुटकं रोप होतं. त्याचे सगळे ठिपके किनाऱ्याच्या कडेने, आणि एकच दूर डोंगरावर, थंडीत. साहेबांनी बरंच डोकं लढवलं आणि लेख लिहिला, की पक्ष्यांनी बी तिथे नेलं असणार. लेखाचा बराच बोलबाला झाला.

कुठला पक्षी आणि कुठलं काय! पंखा होता. चिकटवायच्या खोलीत पंखा लावायचा नाही हा पहिला नियम. एका उकाड्याच्या दुपारी काकांनी तो घटकाभर लावला आणि टेबलावरच्या आठ चिठ्ठ्या जमिनीवर गेल्या. सहा नीट जुळल्या. उरलेली दोन रोपं सारखीच बुटकी, जाड पानांची, एकाच माणसाने तोडलेली, आणि त्यांची नावं अजून ठरायची होती. विचारायला जावं तर पंख्याचं सांगावं लागणार. काकांनी किनाऱ्याची एक आणि डोंगरावरची एक अशा दोन्ही चिठ्ठ्या अंदाजाने चिकटवून टाकल्या. दुसरं रोप कुठेही उगवणारं निघालं, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. पुढे लेख आला तेव्हा चिठ्ठ्यांची अदलाबदल झाल्याचं काकांच्या लक्षात आलं. पण तोवर तोडणारे गृहस्थ वारले होते, साहेबांचं नाव झालं होतं, आणि काका गप्प बसले ते बसलेच.

निवृत्तीला चार दिवस उरले असताना छोट्या बाई खाली आल्या. त्या साहेबांच्या हाताखाली प्रबंध लिहीत होत्या, त्याच डोंगरावरच्या रोपावर. दोन उन्हाळे त्यांनी तो डोंगर पालथा घातला होता. गेल्या खेपेला घसरून मनगटही मोडून घेतलं होतं.

"परवा पुन्हा निघते, काका," त्या म्हणाल्या. "ते तिथे आहेच. मलाच धड शोधता येत नाही बहुतेक."

काकांनी डिंकाची वाटी उगाच ढवळली.

घरी त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदा. "आता जाता जाता सगळ्यांसमोर नाक कापून घेऊ?"

"तिचं मनगट मोडू दे," काकू म्हणाल्या, "तुम्ही नाक सांभाळा."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी बाईंना सांगितलं. बाई आधी हसल्या. मग त्यांचा चेहरा उतरला. "दोन उन्हाळे, काका!" त्या ओरडल्या. "दोन उन्हाळे मी स्वतःला मूर्ख समजत होते!" शरमेने त्यांना मान वर करवेना.

बाईंनी कपाटातून तो कागद काढला आणि भिंगाखाली धरला. बराच वेळ पाहिला. मुळांच्या बेचक्यात वाळूचे चार कण अडकलेले होते, शिंपल्याचा बारीक चुराही होता.

"हे एवढी वर्षं समोर होतं," त्या हळू म्हणाल्या. "साहेबांनी पाहिलं नाही. मीही नाही."

त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे केली. संग्रहालयात जुनी चिठ्ठी कधी काढत नाहीत. चूक सापडली की तिच्या वर नवी लावतात. त्यावर दुरुस्ती, कारण, तारीख आणि दुरुस्त करणाऱ्याचं नाव असतं.

"तुम्ही लिहा, बाई. माझं अक्षर..."

"ज्याने सांगितलं त्याने लिहायचं."

काकांनी लिहिलं. किनारा लिहिला, पंखा लिहिला, तारीख घातली. नावापाशी येऊन थांबले. "इथे काय लिहू? डिंकवाले काका?"

"पूर्ण नाव लिहा," बाई म्हणाल्या. मग खाली बघत त्या पुढे म्हणाल्या, "मला ते माहीत नाही, काका."