नाव दिसणारं मतदान

मंडळी, आज सकाळीच माझं डोकं तापलं.

माझ्या उस्मानपुऱ्यातल्या घरी वरच्या खोलीत फुलंब्रीची वैष्णवी भाड्यानं राहते. एम.ए. करते. खोलीत तिघी, त्यामुळे तिचा अभ्यास विद्यापीठाच्या अभ्यासिकेतच होतो. ती अभ्यासिका आता संध्याकाळी सहालाच बंद करायचं घाटतंय. त्यावर विभागातल्या सरांनी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल टाकला: चालेल की नाही?

"आणि तू 'चालेल' दाबलंस?" मी ओरडलेच.

"काय करू काकू? कोणी काय दाबलं ते सगळ्यांना दिसतंय. इंटर्नलचे मार्क सरांच्याच हातात हायेत."

"अगं, आमच्या कॉन्व्हेंटमधल्या कडक सिस्टरसुद्धा मॉनिटर निवडताना चिठ्ठ्या घडी घालून घ्यायच्या!"

ती हसली. मग माझ्यासमोरच तिनं मत बदलून 'नाही' केलं.

"एकटीच दिसायले बघा," म्हणाली. घाबरली होती.

चहा संपेपर्यंत तिच्या नावाशेजारी मैत्रिणींची नावं येऊ लागली. आता त्या सगळ्या मिळून सरांकडे गुप्त मतदान मागणार आहेत, आणि मिळवतील.

इथल्या प्राध्यापक मंडळींना एवढंच विचारते: असा पोल टाकता, तेव्हा तुम्ही मत मागता की हजेरी घेता?