लाल हापशी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आणि माझ्या तोंडून काय बाहेर पडायचं राहिलंय, सांगा! रानडुकराला पायजम्याच्या नाडीनं बांधून घरी आणल्याचं मी सांगितलं. सायकलीवरून राळेगावच्या एसटीला तीनदा मागं टाकल्याचं सांगितलं — एकदा तर चाक पंक्चर असताना. हे मात्र नाही.

माझं सायकलदुरुस्तीचं दुकान, समोरच गावची हापशी. बायका पाण्याचे गुंड खाली ठेवून रांगेत उभ्या, आणि माझ्या गप्पा चालू. माझं खरं दुकान तेच — तुम्हाला काय वाटलं, पंक्चर?

कापसानं गावाला रडवलं ती वर्षं. बोंडं फुटली तर भाव नाही, भाव आला तर बोंडं किडकी. ऐन वेचणीत पाणी तपासणारे साहेब आले. सभेला कोण जाणार? मी गेलो — चहा होता. साहेब म्हणाले, हापशीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. चवीला कळत नाही, उकळून जात नाही. लेकरांचे दात तपकिरी होतात. वर्षानुवर्षं पीत राहिलं की सांधे आखडतात, कंबर धरते. शिवारातल्या विहिरीचं पाणी चांगलं आहे, ते प्या. मग पिऊ नका अशी खूण म्हणून हापशीला लाल रंग फासला आणि जाताना मला म्हणाले — लोक तुमचं ऐकतात, तुम्हीच सांगा.

सांगितलं ना!

दुसऱ्या दिवशी बायका विचारू लागल्या, लाल काहून केली? आता विहीर मैलभर लांब. सगळ्या तिकडं गेल्या, तर माझ्यासमोर उभं कोण राहील? — हा हिशेब मी तेव्हा केला होता. नव्हता, असं कसं म्हणू? मी म्हटलं, बाया हो, सरकारनं शेंदूर लावला! आजपासून ही हापशीमाय. हिचं पाणी पेल्यावर हाड असं लोखंडी होते, का यमाचा रेडा धडकला तर त्याचंच शिंग मोडंल! रांग हसून लोटपोट. शुक्रवारी दांड्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलेलं दिसलं.

इथवर गंमत म्हणून सोडून देता आलं असतं. पण शेजारची सुमनवहिनी रांग सरल्यावर एकटी परत आली. पदर नीट करत म्हणाली, "भाऊजी, गंमत सोडा. पेऊ का नको, तेवढं खरं सांगा."

"प्या न वहिनी, बिनधास."

एवढंच. आणि मी स्वतः? मी सभेच्या दुसऱ्याच दिवसापासून विहिरीवरून पाणी आणत होतो — निळ्या कॅनमध्ये, वर गोणपाट टाकून. कुणी विचारलं तर — चेन धुवायचं रॉकेल आहे. रोज दोन कॅन! गावात एवढ्या चेना होत्या?

वर्षं गेली. सुमनवहिनी वेचणीला गावात सगळ्यांत चपळ — ती झाडांच्या ओळीत ताठ उभी राहू लागली. खालची बोंडं तिच्या हातून सुटू लागली. मग कुणी तिला वेचायला बोलावेनासं झालं. यवतमाळच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला म्हणे — पाणी कुठलं पिता?

परत आली ती सरळ माझ्या दुकानापुढं. मी नुकताच विहिरीवरून आलेला, कॅन कॅरियरवर. तिनं गोणपाट सारलं, झाकण फिरवलं, नाक लावून वास घेतला. मग कॅन कलता करून ओंजळभर पाणी प्यायली. सावकाश.

"तुमच्या गोष्टी खोट्या रायतेत, हे मले मालूम होतं, भाऊजी," ती म्हणाली. "पान्याचं खरं सांगसान वाटलं होतं."

झाकण तिच्या हातून खाली पडलं होतं. उचलायला ती वाकू लागली — आणि अर्ध्यातच थांबली.

मी उचललं.