टेबलावर राहिलेले अंक

भाईंदरच्या ज्या कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, तिथे ब्रॉडबँड नुकतं आलं होतं. त्याच सुमारास एका मोठ्या प्रकाशकाने मला आपल्या ग्रंथपाल सल्लागार मंडळावर घेतलं. त्यांची संशोधनाची नियतकालिकं आम्ही घ्यायचो. मंडळावर विद्यापीठांचे बडे ग्रंथपाल होते. छोट्या कॉलेजचा एक असावा म्हणून मी. हॉटेलात बैठक, समोर माझ्या नावाची पाटी, जेवणात पनीर. घरी येऊन बायकोला सांगितलं, "ते आपलं मत विचारतात."

"चला, कोणीतरी विचारतंय," ती म्हणाली.

प्रकाशकाला हवं होतं ते एवढंच: कुठलं नियतकालिक किती वाचलं जातं? ते मोजायची आमची जुनी रीत आहे. संध्याकाळी वाचनकक्षातल्या टेबलांवर जे अंक पडलेले असतील, ते त्या दिवशी वाचले गेले असं धरायचं. मी अगदी प्रामाणिकपणे मोजलं. व्यवस्थापनावरचा एक जाडजूड अंक रोज टेबलावर. किनारपट्टीच्या अर्थकारणावरचं एक बारीक नियतकालिक मात्र एकदाही नाही. पुढच्या बैठकीत मी हे मांडलं. प्रकाशकाच्या मॅनेजरने सगळं लिहून घेतलं. माझं बोलणं इतकं मन लावून तोवर कोणी ऐकलं नव्हतं.

काही महिन्यांनी त्या बारीक नियतकालिकाची छपाई थांबली. आता ते फक्त ऑनलाइन, आणि तेही अशा एका मोठ्या संचात, जो आमच्या कॉलेजला परवडणं शक्यच नव्हतं.

अर्थशास्त्राच्या मॅडम काउंटरवर आल्या. जवळच्याच किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या मच्छीमार कुटुंबांवर त्यांची पीएच.डी. चालू होती.

"सर, नवा अंक नाही आला?"

"बंद झाला, मॅडम. कोणी वाचत नव्हतं."

"मी वाचत होते की. दर आठवड्याला."

"मग टेबलावर कसा कधी दिसला नाही?"

त्यांनी रॅककडे बोट केलं. तिथे माझ्याच अक्षरातली सूचना होती: अंक वाचून झाल्यावर जागेवर ठेवावेत. अख्ख्या कॉलेजात ती पाळणाऱ्या त्या एकट्याच.

मी तडक खाडीकडच्या खिडकीपाशी गेलो. तिथे एका मुलीच्या नोट्सवर तो जाड अंक ठेवलेला होता. "हा वाचतेस का तू?"

"नाही सर, वारा येतोय ना. हा हलत नाही."

पुढच्या बैठकीपर्यंत मला जेवण गोड लागलं नाही. बैठकीत उभा राहून सगळं सांगून टाकलं: सूचना, वारा, नोट्स. लोक हसले. चहाच्या वेळी मॅनेजरने खांद्यावर हात ठेवला. "सर, आप टेन्शन मत लो. वो तो पहली मीटिंग के पहले ही डिसाइड हो गया था. आपका डेटा बस काम आ गया."

मला हायसं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस माझा म्हणून वाहिलेला अपराध, तोही माझा निघाला नाही.

मॅडमना जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे सर, तुम्हाला उगाचच पनीर खाऊ घातलं त्यांनी."

"तुमच्या कामाचं काय?"

"आता शनिवारी मुंबईला विद्यापीठाच्या लायब्ररीत जाऊन वाचायचं. दुसरं काय."

मग त्यांनी रॅकवरून त्या नियतकालिकाचा शेवटचा अंक काढला, कॉलेज सुटेपर्यंत वाचला, आणि जाताना तसाच टेबलावर ठेवला.

संध्याकाळी मी तो मोजला. मग जागेवर ठेवला.