अपूर्णविरामानंतरचा शब्द

जुन्या जालन्यातल्या घरी बसून मी एका लहानशा प्रोग्रामिंग भाषेच्या गटात काम करायचे. आम्ही आठ-दहा जण, देशोदेशीचे, सगळे हौसेने आलेले. फंक्शनला, म्हणजे प्रोग्राममधल्या एकेक काम करणाऱ्या तुकड्याला, काय द्यायचं, संख्या की मजकूर, हे लिहायची खूण ठरवायची होती. मी सुचवलं, नावापुढे अपूर्णविराम आणि त्यापुढे प्रकार. 'वजन: संख्या'. दिसायला सुटसुटीत. भाषेने ते तपासायचं मात्र नाही, नाहीतर जुने प्रोग्राम अडतील. खूण फक्त वाचणाऱ्यासाठी. हा आग्रहही माझाच.

त्याच खुणा वापरून मी धाकट्या बहिणीला औषधाचं माप काढणारा प्रोग्राम करून दिला. ती भोकरदन तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे.

एका सकाळी पिंपळगाव रेणुकाईहून तिचा फोन आला. "ताई, दोन करडं हायत. एक चार किलोचं, एक पाचचं. दोघांचं मिळून पंधरा मिली दाखवून राह्यलाय तुझा प्रोग्राम. बराबर हाय का?"

तीन किलोंना एक मिली. उत्तर तीन यायला हवं होतं.

"पाजलंस?"

"न्हाई. सिरिंज भरताना वाटलं, हे लई होतंय. मंग थांबले."

"खाली ठेव. बिलकुल पाजू नको."

मी प्रोग्राम उघडला. तिने टाइप केलेले चार आणि पाच माझ्या फंक्शनपर्यंत मजकूर म्हणून पोचत होते. मजकुराची बेरीज म्हणजे एकाला दुसरं चिकटवणं. चार आणि पाच, पंचेचाळीस. भागताना मात्र आमची भाषा मजकुराची गुपचूप संख्या करते, म्हणून पंचेचाळीस भागिले तीन, पंधरा. आणि वर माझ्याच हातचं 'वजन: संख्या'. ते वाचून मी आत काय येतंय हे कधी बघितलंच नव्हतं.

मला भीती वाटली ती करडांसाठी नव्हती. ती वाचली होती. ही खूण आता किती अनोळखी लोक लिहीत असतील, आणि त्यांच्यापैकी कोणाची बहीण थांबणार नाही?

गटाच्या पुढच्या बैठकीत मी घाबरतच सगळं सांगितलं आणि भाषेनेच खूण तपासावी असं म्हणाले. एक जण शांतपणे म्हणाला, "खूण म्हणजे हमी नव्हे. हे तुम्हीच लिहिलंय."

"हो," मी म्हणाले, "आणि मीच फसले."

मग वाद झाला, तीन आठवडे चालला. शेवटी ठरलं की नव्या आवृत्तीत अपूर्णविराम लिहिला की भाषा तपासणार, चुकलं तर थांबणार. जुने प्रोग्राम मात्र जसेच्या तसे राहतील. ते कुठेकुठे आहेत, आम्हाला माहीत नाही.

बहिणीचा प्रोग्राम मी दुरुस्त केला, तीनदा तपासून पाठवला. ती म्हणाली, "ठीक हाय, पण मी बेरीज कागदावरच करते."

मी तिला आग्रह केला नाही.