अंबूला मी खोटं पाडलं

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. सख्ख्या बहिणीजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर हा विषय मी मुद्दाम टाळत आले. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही अंबूला ओळखत नाही म्हणून असेल. जे तिला ओळखतात, त्यांच्यासमोर अजूनही माझी जीभ रेटत नाही.

कल्याणातल्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते. राणीचं राज्य होतं. बाईमाणसाने शाळेत शिकवावं याचंच गावाला नवल, त्यात मी विधवा, पुण्याहून शिक्षण घेऊन आलेली. लोक मला पाण्यात पाहायचे, असं सांगायची मला सवय आहे. खरं तर बरेचसे लोक चांगले होते. वाईट लोकांना पुढे केलं की आपलं वागणं जरा बरं दिसतं, एवढंच.

पहिल्याच वर्षी चंद्रग्रहण आलं. दिवा आणि नारळ घेऊन मी मुलींना दाखवलं — राहू नाही, केतू नाही, पृथ्वीची सावली पडते. गावात कुजबुज झाली. दोघी-तिघी आज्या शाळेच्या दारात येऊन मला नाही नाही ते बोलून गेल्या. मी हटले नाही. पुढे ठाण्याहून तपासणीला आलेल्या डिपुटीसाहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, आणि मी हवेत गेले. मग काय, जिथे तिथे सावली! चंद्राच्या कलांचा धडा आला तेव्हा मी पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. सांगून टाकलं — पौर्णिमेनंतर पृथ्वीची सावली चंद्रावर रोज थोडी थोडी सरकते आणि अमावास्येला तो पुरता झाकला जातो. दर महिन्याचं सावकाश ग्रहणच म्हणा ना. मुलींनी ते एका सुरात म्हटलं. किती छान वाटलं होतं मला.

अंबू तेवढी गप्प राहिली.

ती दहा वर्षांची होती. तिचे वडील दामोदरपंत ठाण्याच्या कचेरीत कारकून. घरात आजीने अंबूच्या लग्नाचा लकडा लावलेला आणि तिच्या बाजूने बोलणारे दामोदरपंत एकटेच. पोरीला डोकं आहे असं बाई म्हणाल्या, तर आणखी दोन वर्षं शिकवीन आणि मगच स्थळं पाहीन, असं त्यांनी आईला बजावलं होतं. हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच येऊन मला सांगितलं होतं — मला माहीत नव्हतं, असं म्हणण्याचीही सोय नाही.

चैत्रात शाळा सकाळची. वद्य अष्टमी होती. खिडकीशी बसलेली अंबू धडा चालू असतानाच उठून उभी राहिली.

"बाई, चंद्र अजून वर आहे. अर्धा आहे. आणि सूर्यही आलाय. पृथ्वी तर आपल्या पायाखाली आहे — मग ती मध्ये कधी आली?"

उद्धटपणे विचारलं का तिने? छे. काही मजेचं सापडलं की पोर ते आधी आपल्या माणसाला दाखवायला आणतं ना, तसं तिने ते माझ्याकडे आणलं होतं. बाकीच्या मुली माना वळवून बाहेर बघू लागल्या. मीही नुसतं बाहेर बघायचं होतं. मी उठले आणि खिडकी लावून घेतली. "पुस्तकापेक्षा तू शहाणी का गं?" असं विचारलं — जे पुस्तक मी उघडलं नव्हतं, त्याच्या जोरावर — आणि शाळा सुटेपर्यंत तिला अंगठे धरून उभं केलं. ती रडली नाही. मधून मधून मान तिरकी करून माझ्याकडे बघत होती, बाईंना काय झालं म्हणून.

संध्याकाळी दिवेलागणीला मी घरात एकटीच होते. हातात एक कवठ धरून समईसमोर गोल फिरत गेले. आधी उजेडाची कोर, मग अर्धं कवठ, मग पूर्ण. माझ्या डोक्याची सावली त्याच्यावर पडली ती फक्त पाठ समईकडे झाली तेव्हा. मग पुस्तक काढलं. त्यात सगळं नीट लिहिलेलं होतं. अंबूचं बरोबर होतं. तेव्हा पुढे जे केलं ते न कळून केलं, असं कुणी माझ्या वतीने म्हणू नये.

रविवारी दामोदरपंत आले. ओसरीवर बसले, पगडी काढून मांडीवर ठेवली. म्हणाले, "अंबी म्हणते, बाईंचं चुकलं. आई म्हणते, पोरगी हाताबाहेर गेली. मला ह्यातलं काही कळत नाही, बाई. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरीन."

तिचं बरोबर आहे — एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? ते मला हसले नसते. उलट आनंदाने घरी पळत गेले असते. मी काय केलं? पदर सावरला आणि म्हणाले, मुलगी उलट बोलते. शिकण्यापेक्षा वाद घालण्याकडे तिचा ओढा. आणखी शिकवून उपयोग होईलसं मला वाटत नाही. हे मी चिडून नाही म्हटलं. शांतपणे, तिची काळजी असल्यासारखं म्हटलं. त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. ते "बरं" म्हणाले आणि पगडी घालून निघून गेले.

वैशाखात अंबूचं लग्न झालं. मला बोलावणं होतं. विधवेने मांडवात कशाला, असा निरोप धाडून मी गेले नाही — एरवी ज्या रूढीवर मी तोंडसुख घेत असे, ती त्या दिवशी कामाला आली.

आणि पुढच्या वर्षी? पुढच्या वर्षी तो धडा मी बरोबर शिकवला. कवठ घेऊन, मुलींना एकेक करून दिव्यापुढे फिरवून. आधी मी चुकीचं सांगितलं होतं, याचा शब्द काढला नाही. कुणी विचारलंही नाही. विचारणारी होती, तिला मी घालवून दिलं होतं.

बऱ्याच वर्षांनी ठाण्याला तळ्याकाठच्या देवळाबाहेर एका बाईने मला वाकून नमस्कार केला. अंबू. अंगाने भरलेली, हसरी, बोटाला सात-आठ वर्षांची मुलगी. तिच्या मनात काही असेल म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. तसं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

"ह्या माझ्या बाई," ती मुलीला सांगू लागली. "मी ह्यांच्याशी वाद घातला होता गं, वेड्यासारखा. चंद्र का लहान होतो ते ह्यांनी सांगितलं, तर मला मेलीला पटेचना. म्हणून दाखव बघू बाईंना, मी तुला शिकवलंय ते."

मुलीने हात बांधले आणि म्हणून दाखवलं — पृथ्वीची सावली चंद्रावर रोज थोडी थोडी सरकते. शब्दही माझेच होते. अंबू कौतुकाने माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला शाबास म्हटलं.