उलट्या गणवेशाची फिर्याद

सोमवार: नातीने गणवेश घालण्यास नकार दिला. मंगळवार: मी लेखी तक्रार केली. बुधवार: शाळेत कीटकनाशक फवारले गेले. गुरुवार: नातीला फाटकात अडवले. जबाबदार व्यक्ती, क्रमाने: कापड निवडणारे, शिंपी, मुख्याध्यापिका आणि (पत्नीच्या आग्रहास्तव) प्रस्तुत लेखक.

घटना शहापूरची. तिसरीतली मुक्ता नवा गणवेश अंगावर चढताच किंचाळली, "आबाजी, चावते! मानेले चावते!"

चावणे हे कृत्य सजीव कर्त्याशिवाय घडत नाही, हे माझे ठाम मत. भिंग घेऊन मी प्रत्येक शिवण तपासली. काहीही सापडले नाही. अर्थात, आरोपी फरार! तत्काळ शाळेला कळवले: 'गणवेशात दंश करणारे जीव आहेत.'

माझ्या पत्राची एवढी तत्पर दखल आयुष्यात प्रथमच घेतली गेली! वर्ग रिकामा करून औषध फवारले. त्यानंतर मुक्ताच्या बाकावर कोणी बसेना. तिचे नाव पडले 'खटमलवाली'.

"मी नाई जात आता शाळेत," ती घरी येऊन म्हणाली.

पत्नीने तिला जवळ घेतले. "कोन चावते बाई?"

"कोनी नाई. मानेवरची पट्टी चावते. शिवन चावते."

पत्नीने पट्टी उसवली, गणवेश उलटा करून तिला घातला. मुक्ता शांत!

"अवो वकीलसाहेब," (मी वकील नाही) "किडे नाईत! आपल्याले जे जानवतही नाई, ते या पोरीले टोचते."

दुसऱ्या दिवशी मुक्ता उलट्या गणवेशात, आम्ही दोघे सोबत. मुख्याध्यापिका फाटकातच उभ्या.

"उलटा गणवेश चालणार नाही. नियम आहे."

"सुलट बाजू कोणती, हे नियमात नमूद आहे?"

"काकाजी, ते सगळ्यांना कळतं!"

"'सगळ्यांना कळतं' असे कलम नसते!"

"शहाणा माणूस घालतो का उलटे कपडे?"

मी उत्तर जुळवत होतो, तोच पत्नी म्हणाली, "यायलेच विचारा ना, मॅडम. लग्न झाल्यापासून पाहून राहिली, बनियान उलटीच घालतेत. शिवन टोचते म्हनतेत!"

चौकीदार खोकत दूर गेला. दप्तर छातीशी धरून उभ्या मुक्ताने माझ्याकडे पाहिले.

"आबाजी, तुमाले बी चावते?"

"चावते, बेटा."

ती प्रथमच हसली. फाटक मात्र अद्याप बंद आहे.

तरी मुख्याध्यापिकांनी येत्या पालकसभेत जाहीर उत्तर द्यावे: कोणत्या नियमाने हे मूल वर्गाबाहेर आहे? पुरावा मी अंगावरच घेऊन येईन. तो सादर करतेवेळी महिला पालकांनी क्षणभर तोंड फिरवावे, ही नम्र विनंती.